बेड नंबर सातचं खोडलेलं वाक्य

नाझियाचं अख्खं वाक्य मी लाल पेनाने खोडलं आणि त्याच्यावर एकच शब्द लिहिला: डिसफेजिया. बाजूला सही केली, वेळ टाकली, सकाळचे साडेअकरा. फाइल तिच्या हातात देत म्हटलं, "एका शब्दात मावतं तिथे निबंध कशाला लिहितेस?"

बाकीच्या मुली हसल्या. नाझिया हसली नाही. "मॅडम, पन थे काका..." असं काहीतरी म्हणाली. तोवर मी पुढच्या बेडकडे गेले होते.

मी वाशिममध्ये एका खासगी हॉस्पिटलला जोडलेल्या नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर आहे. ट्यूटर म्हणजे वर्गात शिकवणारी आणि वॉर्डात मुलींच्या मागे उभी राहून चुका काढणारी. आमच्याकडे मुली येतात त्या आसेगाव, कामरगाव असल्या गावांतून. बारावीपर्यंत सगळं मराठीत, काहींचं उर्दूत. इथे आल्यावर औषधं इंग्रजीत, फाइल इंग्रजीत आणि डॉक्टरांचं रागावणंसुद्धा इंग्रजीत. पहिल्या वर्षी अर्ध्या जणी बाथरूममध्ये जाऊन रडतात. त्यावर मी एक उपाय काढला होता आणि मला त्याचा भलताच अभिमान होता.

उपाय म्हणजे माझी यादी. एकशेवीस ओळींची. डावीकडे लांबलचक वाक्य, उजवीकडे त्याला इंग्रजीतला एक शब्द. लघवी होतच नाही: अन्युरिया. आडवं झालं की दम लागतो: ऑर्थोप्निया. गिळायला त्रास होतो: डिसफेजिया. दर शनिवारी टेस्ट घ्यायची, आणि वॉर्डातही नियम तोच. पेशंटच्या तक्रारीला यादीतला शब्द असेल तर तोच लिहायचा. वाक्य दिसलं की माझं लाल पेन निघालंच. आमचे मोठे डॉक्टर म्हणायचे, "मॅडम, तुमच्या मुलींच्या नोट्स दहा सेकंदांत वाचून होतात." एवढं ऐकलं की मी दोन दिवस हवेत असायची.

बेड नंबर सातवर त्या दिवशी देवराव होते. पंचावन्नच्या आसपासचे, अंगाने काटक. मंगरूळपीरच्या बाजूला त्यांची भाजीची वाडी. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी पिकवायची आणि उजाडायच्या आत मंडीत न्यायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. दोन दिवसांपासून ताप होता, डाव्या हाताला मुंग्या येत होत्या आणि गळ्याखाली काही उतरत नव्हतं. सोबत बायको कमलाबाई, सून आणि सहा वर्षांची नात परी. परी पायथ्याशी बसून सलाइनच्या बाटलीच्या झाकणाशी खेळत होती.

नाझिया कारंज्याच्या एका बांगडीवाल्याची मुलगी. इंग्रजी कच्चं, पण कान पक्का. पेशंटचं बोलणं संपेपर्यंत ती जागची हलायची नाही, आणि त्यामुळे तिचं काम नेहमी मागे पडायचं. तिने देवरावांच्या फाइलमध्ये लिहिलं होतं: पेशंट वॉन्ट वॉटर. ग्लास कम, थ्रोट कॅच, पेशंट फियर. फॅन आल्सो नो.

मी हे वाक्य 'थ्रोट'पर्यंत वाचलं. पुढचं वाचलंच नाही. थ्रोट, पाणी जात नाही, म्हणजे डिसफेजिया. पेन चाललं.

राउंडला मोठे डॉक्टर आले. त्यांना अजून चाळीस पेशंट पाहायचे होते. त्यांनी फाइल उघडली, माझा शब्द वाचला आणि देवरावांना विचारलं, "गिळताना त्रास होतो?"

"होते साहेब," देवराव म्हणाले.

खोटं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी सलाइन लिहिली, घशाचा एक्स-रे लिहिला, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी बोलवायला सांगितलं. गिळण्याचा त्रास असला की आम्ही नर्सिंगच्या कागदावर आमचीही एक ओळ टाकतो. ती मी टाकली: दर तासाला चमचाभर पाणी पाजून पाहणे.

माझ्या त्या ओळीमुळे संध्याकाळपर्यंत मुलींनी सात वेळा त्यांच्या तोंडाशी ग्लास नेला. दर वेळी त्यांची मान मागे जायची, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. तिसऱ्या वेळी त्यांनी हाताच्या फटक्याने ग्लास उडवला. नाझियाच्या हातावर लाळ आणि पाणी सांडलं. कमलाबाई ओशाळल्या. नवऱ्यावर ओरडल्या, "कायले असं करता वो? पोरी तुमच्याचसाठी करून राह्यल्या ना!" एक मुलगी माझ्याकडे तक्रार घेऊन आली, पेशंट ऐकत नाही म्हणून. मी तिला त्यालाही शब्द दिला. अनकोऑपरेटिव्ह. यादीत अठ्ठ्याऐंशी नंबर.

दुपारी सुनेने परीला घेतलं आणि रिसोडच्या जीपमध्ये बसून ती माहेरी, रिठदला गेली. दवाखान्यात लेकरू किती वेळ ठेवणार? जाताना देवरावांनी परीच्या डोक्यावरून हात फिरवला. हे मी लांबून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नाझिया माझ्या खोलीच्या दाराशी उभी. हातात माझी यादी.

"मॅडम, रागावू नका. एक्केचाळीस नंबर पाहा."

"काय आहे त्यात?"

"तुमीच देल्ला हाय. काल मी हॉस्टेलवर पाठ करत होती. तवा लक्षात आलं."

एक्केचाळीस नंबरला होतं: पाण्याची भीती, हायड्रोफोबिया. इंग्रजीच्या एका साध्या पुस्तकातून मी तो शब्द उचलला होता. उंचीची भीती, बंद खोलीची भीती, पाण्याची भीती, असे तिन्ही एका दमात शिकवून मोकळी झाले होते. वॉर्डात या शब्दाचा अर्थ काय, ते सांगायचं राहून गेलं.

तो अर्थ प्रत्येक जुन्या नर्सला माहीत असतो. तहान लागते, पण पाणी दिसलं की गळा आवळतो. वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. कुत्रा चावून रेबीज झाला की असं होतं. चावल्यावर लगेच इंजेक्शनं घेतली तर माणूस वाचतो. पण एकदा का ही लक्षणं दिसली, की त्यावर औषध नाही.

वॉर्डात गेले. देवरावांच्या डोक्यावरचा पंखा बंद होता. तरी त्यांनी चादर नाकापर्यंत ओढली होती आणि डोळे सगळीकडे फिरत होते. मी कमलाबाईंना बाहेर व्हरांड्यात घेतलं.

"मावशी, यांना कुत्रं चावलं होतं का?"

"चावलं नाई वो बाई. हाताले दात लागला जरासाक."

"कधी?"

"झाले अशीन दोन महिने. वाडीतलंच कुत्रं. आमचंच."

"मग दवाखान्यात का नाही नेलं?"

"एवढ्याशासाठी काहून नेतो? तिखट भरलं जखमेत. अन् सात हिरीत डोकावून आले थे. आमच्याकडं सारेच करतात तसं." हीर म्हणजे विहीर. कुत्रं लागलं की सात विहिरींत वाकून पाहायचं, म्हणजे विष उतरतं, असं आमच्या भागात अजून मानतात.

"आणि कुत्रं?"

"थे मेलं आठ दिवसानं."

पुढचा प्रश्न विचारायची मला भीती वाटत होती. तरी विचारला. "अजून कोणाला लागलं होतं?"

"परीलेच तं धरत होतं मुडदं! थे मधात पडले म्हनून त्याइले दात लागला. पोरीच्या पोटरीले नुसतं नख लागलं."

"तिला तरी इंजेक्शन दिलं?"

कमलाबाईंनी मान हलवली. "तिले घेऊनच तं गेल्ते हिरीवर."

परी काल साडेअकरा वाजता त्या बेडवर बसलेली होती. इंजेक्शन खालच्या मजल्यावर फ्रिजमध्ये होतं. मध्ये फक्त माझं लाल पेन होतं.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी उभ्याउभ्याच सांगितलं. ते ताडकन उठले. "काल कोणीच काही बोललं नाही?"

"बोललं होतं, सर. फाइलमध्ये लिहिलंही होतं. मी खोडलं."

त्यांनी पान उलटलं. लाल रेघेखालची अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग म्हणाले, "ते नंतर. आधी ती मुलगी आणा."

सुनेचा फोन लागेना. कमलाबाईंचा मुलगा वाडीत होता, त्याला कळवलं. तो मोटरसायकलवर रिठदला निघाला. तिथे पोचला तर सासुरवाडीला कुलूप, सगळे सोयाबीनच्या वावरात. हे सगळं आम्हाला फोनवर तुकड्यातुकड्याने कळत होतं. दरम्यान डॉक्टरांनी देवरावांना एका अंधाऱ्या, शांत खोलीत हलवलं. अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला फोन करून विचारलं. तिकडून एवढंच सांगितलं, झोपेचं औषध द्या आणि त्रास कमी करा. मी माझ्या हाताने 'दर तासाला पाणी' ही ओळ काढून टाकली. नातेवाइकांना डॉक्टरांनी बाहेर बसवून खरं काय ते सांगितलं.

परी तीन वाजता आली. बापाच्या खांद्यावर डोकं टाकून. सून म्हणाली, "सकाळपासून अंग गरम हाय हिचं."

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती. डॉक्टर म्हणाले, "पाणी द्या तिला."

मी ग्लास भरला. तीस वर्षं मी पेशंटना पाणी पाजते आहे. तो ग्लास मला उचलता येईना. नाझियाने तो माझ्यासमोरून घेतला आणि परीच्या पुढे धरला.

"पे बरं बेटा."

परीने ग्लासाकडे पाहिलं. मग आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि घटाघटा सगळं पाणी प्याली. रिकामा ग्लास पुढे करून म्हणाली, "अजून."

सून रडायला लागली. तिला का रडू येतंय ते परीला कळलं नाही. ताप उन्हाचा निघाला. पोटरीवर पांढरी पुसट रेघ होती, तिथे रेबीजविरोधी सिरम टोचलं, दंडात पहिलं इंजेक्शन दिलं. पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या.

आजोबांना भेटायचं म्हणून ती हट्ट करत होती. डॉक्टरांनी आत सोडलं नाही. देवराव तोपर्यंत कुणालाच ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

कमलाबाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मी जवळ गेले. "मावशी, परवा मी नीट वाचलं असतं तर..." एवढंच बोलले.

"वाचले असते काय बाई थे?"

"नाही."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "परवा दिवसभर शुद्धीत होते. माह्यासंगं बोलले असते. अन् मी दिवसभर त्याइच्यावर खेकसत राह्यली, पानी पेत नाई म्हनून."

यावर माझ्या यादीत काहीही नव्हतं.

ज्यांच्या ज्यांच्या हाताला ती लाळ लागली होती, त्या सगळ्यांनी इंजेक्शनं घेतली. पाच मुली आणि मी. आठवड्याने हॉस्पिटलच्या मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण नोकरी त्यालाही आहे.

"मॅडम, ते पान बदलून टाका. त्या मुलीकडून साफ लिहून घ्या."

"काय लिहून घेऊ?"

"तोच शब्द. डिसफेजिया. तिच्या अक्षरात."

"आणि माझी सही?"

"तुमची कशाला पाहिजे?"

मी पान बदललं नाही. खोडलेल्या वाक्याखाली ते वाक्य बरोबर असल्याचं लिहिलं, तारीख टाकली आणि पूर्ण नावाने सही केली. मला लेखी मेमो मिळाला आणि त्या वर्षीची बढती गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परी पाचव्या इंजेक्शनपर्यंत एकदाही चुकली नाही. पुढच्या वर्षी तिचा बाप वांग्यांची पिशवी घेऊन आला तेव्हा सोबत ती होती, दोन इंच वाढलेली. ती वांगी मला घशाखाली उतरेनात. शेवटी मी ती हॉस्टेलच्या मेसमध्ये देऊन टाकली.

यादी अजून आहे. फेकली नाही, कारण त्या शब्दांशिवाय मुलींना फाइल वाचता येणार नाही. फक्त वॉर्डात नियम बदलला. पेशंट जे बोलला ते आधी त्याच्याच शब्दांत लिहायचं, मोडक्या इंग्रजीत, मराठीत, उर्दूत, जसं जमेल तसं. शब्द त्याच्या खाली. डॉक्टर कुरकुरतात, नोट्स वाचायला वेळ लागतो म्हणून. लागू दे.

त्या घटनेनंतरच्या शनिवारी मी नेहमीसारखी टेस्ट घेतली होती. वीस प्रश्न, वीस गुण. अकरावा प्रश्न होता, पाण्याची भीती, एका शब्दात लिहा. बाकी सगळ्या मुलींनी बरोबर लिहिलं. नाझियाच्या पेपरवर तिथे इंग्रजी शब्द नव्हता. तिने लिहिलं होतं, देवराव काका, बेड नंबर सात.

लाल पेन माझ्या हातात होतं. मी तिला गुण दिला.