घोडी सेलूतच राहिली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मला चोरून खाल्लेली भजीसुद्धा लपवता येत नाहीत. मग तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका मात्र.

आमच्याकडे नुकतंच घरोघरी इंटरनेट येत होतं तेव्हाची गोष्ट. धंदा लग्नाच्या सामानाचा — मांडव, खुर्च्या आणि एक घोडी. दादाचं दुकान आर्वीला, माझं सेलूला, घोडी माझ्याकडे. बुकिंग फोनवर, त्यामुळे एकाच मुहूर्ताला दोन नवरदेव घोडीची वाट पाहताहेत, असंही व्हायचं!

यातून सोडवलं शोभावहिनीनं, दादाच्या बायकोनं. कॉम्प्युटर क्लास केला आणि इंटरनेटवर एक शीट बनवली. तिनं आर्वीत बुकिंग लिहिलं, की ते आपोआप माझ्याकडे टेम्पोच्या पानावर उतरायचं — नवरदेवाचं नाव, गाव, मुहूर्त, सामान. मी पान छापून टेम्पोवाल्याच्या हातात द्यायचो. वहिनी इतकी खूश, की मुद्दाम फोन करायची, "आलं का भाऊजी तिकडं? पहा नं!" आलेलं असायचंच. आर्वीचे बँडवाले तिला म्हणू लागले, आमचंही असं करून द्या.

आणि माझ्या मित्राचं लग्न ठरलं. पानठेल्यावर चार लोकांत मी शेखी मिरवली — घोडी आपल्याकडून! मग बघतो तर काय, त्याच मुहूर्ताला घोडी आर्वीला लागलेली. मित्राला नाही म्हणायचं होतं, एवढंच. म्हणवलं? नाही. मी शीटमधल्या टेम्पोच्या पानावरचं आर्वीच्या नवरदेवाचं नाव खोडलं आणि तिथं मित्राचं टाइप केलं. पान छापून झालं, की शीट पुन्हा होती तशी करून ठेवली.

वरात काय झाली म्हणून सांगू! मी घोडीपुढे शर्ट भिजेस्तोवर नाचलो. तिकडे आर्वीचा नवरदेव मामाच्या लुनावर मागे बसून मांडवात पोचला, आणि वऱ्हाडी लुनापुढेच नाचले. लाज वाटायला हवी — पण लुनावरचा तो फेटा डोळ्यांपुढे आला, की मला अजून हसू फुटतं.

मग दादाचा फोन. "काऊन आली नाई बे घोडी?"

"वहिनीचं बुकिंग इकडं आलंच नाई," मी म्हणालो. किती सहज निघालं तोंडातून!

फोन न ठेवताच दादा तिच्यावर ओरडला, "तुह्या कॉम्प्युटरनं नाक कापलं माहं!"

वहिनी फॉर्म्युले तपासत बसली. खोट्या नवरदेवांची नावं घालून मला फोन करायची. दर वेळी नाव बरोबर उतरायचं. तिला काही कळेना. शेवटी बँडवाल्यांना तिनं परत पाठवलं — "माह्याच्यानं कुठं तरी चुकते, तुमचं काम बिघडन." आणि शीट बंद केली.

कुणी काय बदललं, ते शीटमध्ये मागे जाऊन बघता येतं. हे मला तिनंच शिकवलं होतं. ते दिवस मी जीव मुठीत धरून काढले — आता उघडेल, आता बघेल. तिनं बघितलंच नाही. घरातलं कुणी असं करेल, हे तिच्या मनातच आलं नाही. चूक ती फक्त स्वतःच्या कामात शोधत राहिली, आणि तिच्या कामात चूक नव्हती.

आजही घरात कुणी कॉम्प्युटरचं काम काढलं, की वहिनी हात जोडते, "मले नाई जमत बाप्पा, एकदा फजिती झाली ना!" सगळे हसतात. मीही हसतो.