पुढचं अकोल्याले असते

गोष्ट पूर्ण सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या घरावर दरोडा घालणं, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. माझ्या बायकोचे सख्खे मामा. अमरावतीत त्यांचं बियाण्या-खताचं दुकान आहे. डोक्यावर औषधालाही केस नाही, आवाज सभेत बोलल्यासारखा, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, बियाण्याच्या रिकाम्या पत्र्याच्या पिंपात, कडुनिंबाचा पाला घालून जपलेला हिंदी कॉमिक्सचा एक गठ्ठा. ऐंशीच्या दशकातला तडितराज नावाचा सुपरहिरो आणि त्याचे अंक. मात्र पिंपात फक्त विषम अंक आहेत. एक, तीन, पाच, सात असं करत पार एक्केचाळीसपर्यंत. सम अंक एकही नाही. कोणी विचारलं तर मामा झाकण लावत म्हणतात, "ते माहे नाईत. ते अकोल्याले असते."

आमचं लग्न ठरायच्या वेळी बैठकीत सगळ्यांनी मला पगार विचारला, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारलं. मामांनी कांदेपोह्यांची प्लेट बाजूला सारून विचारलं, "तडितराजची सगळ्यात भारी गोष्ट कोनती?" मी म्हटलं, मी तडितराज वाचलेला नाही. मामा माझ्या सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "पोरगा बरा हाये भाऊजी, पन पाया कच्चा हाये." तो पाया पक्का करायचं काम त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हाती घेतलं आणि ते आजतागायत चालू आहे.

तडितराज म्हणजे दिवसा हवामान खात्यातला एक गरीब कारकून. ढग दाटले की छतावर जायचा, अंगावर वीज घ्यायचा आणि निळा झगा फडकवत उडायचा. त्याचा वैरी प्रोफेसर पाताळ. तो जमिनीखाली राहायचा आणि दर वेळी मरायचा. मामांचं म्हणणं, ऐंशीच्या दशकातल्या गोष्टींना जी चव होती ती आताच्यांना नाही. "तवाचा हिरो घामाघूम व्हायचा. आताचे सारे कम्प्युटरवर उडून राहिले, त्याइले घामच नाई." 'जब बादल रूठे' ही त्यांची लाडकी कथा. तिच्यात ढग रुसतात, पाऊस पडत नाही, वीज नाही, म्हणजे तडितराजची ताकदही नाही. वऱ्हाडातल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. अकराव्या अंकाच्या शेवटी बिनताकदीचा तडितराज धरणाच्या भिंतीला दोन बोटांनी लटकलेला आहे, खाली मगरी आहेत. मामा उभं राहून स्वतः दोन बोटांनी कपाटाला लटकतात, मामी आतून ओरडतात, आणि मग मामा खुर्चीत बसून म्हणतात, "तेराव्या अंकात तो मावशीच्या पोरीच्या लग्नात पंगत वाढून राहिला." आम्ही विचारायचं, अहो पण धरणावरून सुटला कसा? मामा शांतपणे पाणी पितात. "पुढचं अकोल्याले असते."

हे वाक्य आमच्या सगळ्या घराण्यात इतकं मुरलंय की आता त्याच्यावाचून कोणाचं चालत नाही. कात्री सापडत नाही? अकोल्याले असंल. मोठ्या मेहुण्याचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष अकोल्याले आहे. माझ्या बायकोने तर एकदा डॉक्टरांनाच सांगितलं, की यांची झोप अकोल्याले आहे. डॉक्टर नवीन होते, त्यांनी अकोल्यात कुठे म्हणून विचारलं.

दुकानातही हेच. वलगावचा एखादा शेतकरी बोंडअळीवरचं औषध मागायला येतो आणि तास-दीड तासाने औषध आणि तडितराज दोन्ही घेऊन जातो. "बोंडअळी म्हंजे प्रोफेसर पाताळ समजा. कितीबी मारा, पुढच्या अंकात हजर." शेतकरी मान हलवतात. त्यांना पाताळ माहीत नसतो, पण पुढचा अंक माहीत असतो.

अकोल्याला नेमकं कोण असतं, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मामा त्याचं नाव घ्यायचे नाहीत. "तो अकोल्याचा" एवढंच. शेवटी मामींनी एकदा पापड लाटता लाटता सगळं सांगितलं. मामा मूळचे धामणगाव रेल्वेचे. तिथे एक जिगरी दोस्त होता. दोघांच्या खिशात मिळून दर महिन्याला एकाच अंकाच्या दोन प्रती घेण्याइतकी ऐपत कधीच नव्हती, म्हणून वाटणी ठरली. स्टेशनवरच्या स्टॉलवर अंक आला की विषम मामांनी घ्यायचा, सम त्याने. वाचायचा मात्र दोघांनी एकत्र, फलाटाच्या टोकाच्या बाकावर, पान उलटायच्या आधी एकमेकांना विचारून. म्हणजे सुरुवातीचे सम अंक मामांनी वाचलेले आहेत. तडितराज धरणावरून कसा सुटला ते त्यांना ठाऊक आहे. पण अंक त्याचा, तर सांगायचा हक्कही त्याचा. तत्त्व म्हणजे तत्त्व.

सत्ताविसाव्या अंकात तडितराज मेला. पाताळाने त्याला भुयारात कोंडलं, जिथे वीज पोचत नाही, आणि शेवटच्या पानावर नुसता निळा झगा पडलेला. मामा तेव्हा आठवीत होते. त्यांनी जेवण सोडलं. म्हणजे अगदी सोडलं असं नाही, पण पोळीचा एक तुकडा मोडायचा आणि ताटाकडे बघत बसायचं. तेराव्या दिवशी ते न्हाव्याकडे गेले, डोकं गुळगुळीत करून आले, आणि स्टेशनामागच्या लिंबाच्या झाडाखाली दोस्ताला आणि एका कुत्र्याला बुंदी घालून तडितराजची रीतसर तेरवी केली. संध्याकाळी घरी आले तर ओसरीवर वडील बसलेले. पोराचं टक्कल बघून त्या माणसाने आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "अबे, मी अजून जित्ता हाओ ना?" त्यानंतर जे झालं ते मामी सांगत नाहीत, पण त्या रात्री मामा पालथे झोपले होते एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. दोस्ताने त्या दिवसापासून त्यांना टकल्या म्हणायला सुरुवात केली.

पुढच्या महिन्यात अठ्ठाविसावा अंक आला. सम, म्हणजे दोस्ताचा. मामा तेव्हा घरात पडून होते. दोस्त त्यांना घरी येऊन सांगून गेला, की तडितराज जिवंत आहे, वाचला, जेव आता. मामा उठून बसले. "तेरवी झालेला मानूस वापस येत नसते. अंक दाखव." दोस्ताने अंक आणला नव्हता. "माह्या सांगन्यावर भरोसा नाई का?" "नाई. तू खोटं बोलून राहिला." बस, एवढंच. त्याने अंक दाखवला नाही, यांनी खोटारडा म्हटलेलं मागे घेतलं नाही. आधी कोणी कोणाच्या घरी जायचं यावर दोघे अडून बसले, आणि तेवढ्यात दोस्ताच्या वडिलांची बदली अकोल्याला झाली. सम अंक मालगाडीतून अकोल्याला गेले.

नंतरही मामा फक्त विषमच घेत राहिले. सम अंक स्टॉलवर समोर टांगलेला असायचा, पण हात लावायचे नाहीत. एकोणतिसाव्यात निळा झगा पुन्हा उडताना दिसला. कोणीही म्हटलं असतं, बघा, आला की परत. मामा म्हणाले, हा तो नाही. हा डाव्या हाताने गुद्दा मारतो. तो उजवा होता. चाळीस वर्षं मामा हे सांगत आलेत, की अठ्ठाविसानंतरचा तडितराज हा दुसराच कोणी आहे, झगा तेवढा जुना आहे. घरातले सगळे हो म्हणायचे. मीही म्हणायचो. वाद घालावा इतकं कोणाला त्यात वाटत नव्हतं, आणि मामांना किती वाटत होतं ते आमच्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मामांचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. "जवाई, गाडी काढा. दिग्या गेला." मी विचारलं, कोण दिग्या? मामींनाही कळलं नाही. आम्ही त्यांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांनी मोबाइल पुढे केला. धामणगावच्या शाळेच्या ग्रुपवर एक चित्र आलं होतं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली हात जोडलेला, जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक गृहस्थ, आणि त्याच्याखाली वर्गमित्रांनी जोडलेल्या हातांची रांगच्या रांग. अकोल्याच्या त्या माणसाचं नाव दिगंबर होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मामांनी पांढरा सदरा घातला होता. गाडीत बसताना त्यांच्या काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सत्ताविसावा अंक होता. "त्याच्यासंगं ठेवून देतो," म्हणाले, "मले काय करायचा हाये आता." बडनेऱ्याला झेंडूचा हार घेतला. मूर्तिजापूर येईपर्यंत ते मांडीवरच्या हाराची फुलं सारखी करत राहिले. मग म्हणाले, "मी जायले पायजे होतं जवाई. त्याचं घर तं स्टेशनाच्या मांगंच होतं." मला वाटलं ते अकोल्याबद्दल बोलतायत. ते धामणगावबद्दल बोलत होते.

पत्ता ग्रुपवरच मिळाला होता. गल्लीत मंडप नाही, गर्दी नाही, एक बाई दारात रांगोळी काढत होती. आम्ही उशिरा पोचलो, सगळं आटोपलं, असं मी समजलो. मामांनी कडी वाजवली. दार उघडलं आणि समोर तोच जाड भिंगाचा चष्मा, अंगात बनियन, हातात अर्धा सोललेला लसूण.

 मग चष्म्याने मामांच्या डोक्याकडे पाहिलं. "काहून बे टकल्या," तो माणूस म्हणाला, "आता कोन मेलं?"

मामा तिथेच पायरीवर बसले. खुलासा पुढे पाचेक मिनिटांत झाला. कॉलनीचे जुने अध्यक्ष वारले होते. त्यांच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर वर त्यांचा फोटो आणि खाली 'शोकाकुल' म्हणून रांगेत सात जण हात जोडून. कोणीतरी आपला वर्गमित्र ओळखून कौतुकाने कापाकापी केली, तीत अध्यक्ष गेले, 'शोकाकुल' गेलं, श्रद्धांजली आणि दिगंबरराव तेवढे राहिले. हे सगळं चालू असताना मी हार पाठीमागे धरून भिंतीला चिकटून उभा होतो. जिवंत माणसाच्या दारात तो कुठे ठेवावा, हे कोणत्याच शास्त्रात सांगितलेलं नाही.

"तं वापस येता येते मानसाले," मामा पायरीवरूनच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

दिगंबरराव आत गेले आणि एक अंक घेऊन बाहेर आले. अठ्ठाविसावा. मामांनी हात पुढे केला नाही. "तुहा अंक हाये. तूच वाच." मग पायरीवर शेजारी शेजारी बसून त्या पंचावन्न वर्षांच्या माणसाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि पान उलटायच्या आधी दर वेळी थांबून मामांकडे पाहिलं. दुसऱ्याच पानावर तडितराजची चिता होती. तो मेलाच होता. अंकाच्या शेवटी त्याचा धाकटा भाऊ झगा उचलतो आणि अंगावर घेतो. डाव्या हाताने.

"म्हंजे मी खरा होतो," मामा म्हणाले.

"होता."

"अन् तू खोटं बोलला होता."

"तू जेवत नव्हता बे," दिगंबरराव म्हणाले. "महिनाभर जेवला नव्हता. मी काय चिता दाखवू तुले?"

 दिगंबररावांचं लक्ष तेवढ्यात माझ्या पाठीमागून डोकावणाऱ्या झेंडूकडे गेलं. "आनला हाये तं द्या इकडे, फुकट काहून घालवता." त्यांनी तो हार चितेच्या पानावर ठेवला. मग आत हाक मारून सांगितलं, की टकल्या जेवून जाईल, आज त्याला पोटभर वाढा. मामा खरंच पोटभर जेवले. लसणाच्या फोडणीचं वरण त्यांनी तीनदा मागून घेतलं.

परतताना बडनेरा आलं तेव्हा ते म्हणाले, "जवाई, तो लय चांगलं खोटं बोलला होता." मी हो म्हटलं. 

आता दर रविवारी आमच्या पोरांना पूर्ण गोष्ट मिळते. विषम अंक मामा सांगतात, कपाटाला लटकतात, आणि ऐन मगरींच्या तोंडावर मोबाइल स्पीकरवर टाकतात. सम अंक अकोल्याहून येतो. धरणावरून तडितराज कसा सुटला ते आम्हाला आता ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर ते काही फारसं पटण्यासारखं नाही. पण मागच्या रविवारी एक्केचाळिसावा अंक झाला. शेवटच्या चौकटीत धाकटा भाऊ काळ्या ढगात शिरतो आणि खाली लिहिलंय, क्रमशः. बेचाळिसावा निघालाच नाही, त्या कंपनीचं काय झालं कोणाला माहीत. दिगंबरराव अकोल्याच्या स्टॉलवर कित्येक महिने जाऊन विचारत होते म्हणे. माझ्या मुलीला हे कुठे ठाऊक? तिने विचारलं, मग पुढे? मामा सवयीने म्हणाले, "पुढचं अकोल्याले असते," आणि फोन तिच्यापुढे धरला. तिकडून आधी पंख्याचा आवाज आला.

"नाई वं बाई," दिगंबरराव म्हणाले, "ते धामनगावलेच राह्यलं, फलाटावरच्या बाकावर."

मामांनी फोन खाली ठेवला नाही. तिकडूनही तो कोणी बंद करत नव्हतं, पंखा तेवढा ऐकू येत होता.