डोकं तेवढं परत आणा

ज्या जागी नियम भरपूर आणि पाळणारे मोजके, तिथे किस्से आपोआप साचतात. सरकारी ऑफिसात साचतात, लग्नघरात साचतात, आणि आमच्या ड्रॅग रेसिंग क्लबात तर इतके साचतात, की कधीकधी वाटतं आम्ही रेस भरवतो ती किस्से गोळा करायलाच! चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "मामा, तो सोयाबीनवाला सांगा ना!" आणि मग एकावर थांबता येत नाही.

आधी ओळख करून देतो. ड्रॅग रेस म्हणजे दोन मोटरसायकली शेजारीशेजारी उभ्या करायच्या आणि हिरवा दिवा लागला की नाकासमोर पाव मैल सुसाट जायचं. वळण नाही, चढ नाही, डोकं लावायचं काही काम नाही. काही सेकंदांत खेळ खलास. हाडं जुळायला मात्र जरा जास्त वेळ लागतो.

मध्य प्रदेशात धारजवळ एक जुनी, बंद पडलेली हवाई पट्टी आहे. तिथे धार आणि देवासची पोरं रीतसर परवानगी काढून हे उद्योग करतात. मी देवासच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला म्हणून सांगायचं आणि दुपारी त्याच हेल्मेटातून ते शेंगा खाताना बघायचं, एवढा माझा अनुभव. तो पाहून क्लबनं मला तपासनीस केलं. गाडी आणि गाडीवाला दोघांना तपासून मी हिरवं स्टिकर लावलं तरच रेसमध्ये उतरता येतं. असं नियमात आहे. नियमात खूप काही आहे.

मी हे काम घेतलं ते भाच्यापायी. मंदार हा माझ्या अक्काचा एकुलता एक मुलगा आणि क्लबातला सगळ्यात वेगवान रायडर. त्याचा मामा म्हणून अख्खा क्लब मला मामा म्हणतो. म्हणतो, आणि बनवतोही. अक्का धारला राहते, शाळेत शिकवून रिटायर झाली आहे. तिनं पोराला बंदी घातली नाही. मला फक्त एकदा समोर बसवून म्हणाली, "दत्तू, स्वार होणाऱ्याला पडू नकोस म्हणता येत नाही. हातपाय मोडले तर डॉक्टर जोडतील. त्याचं डोकं तेवढं मला घरी परत आणून दे. ते तुझ्या स्वाधीन."

तेव्हापासून माझी झोप गेली.

* * *

पहिली तक्रार मी नारळाबद्दल केली.

आमचे अध्यक्ष भाऊसाहेब. धारचं जुनं घराणं, पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आणि ही गोष्ट भाऊसाहेब स्कूटरवरून सिग्नलला थांबतानाही विसरू देत नाहीत. त्यांची प्रथा अशी, की रेसच्या आधी स्टार्टिंग लाइनवर नारळ फोडायचा. शेजारी कुठे नाही, बरोबर लाइनवर! जिथे मागच्या चाकाला सगळ्यात जास्त पकड लागते तिथेच हे पाणी सांडणार, आणि वर करवंटीचे तुकडे. पहिल्याच वर्षी एका पोराची गाडी हिरव्या दिव्याला पुढे जायच्या ऐवजी आडवी गेली.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, पाण्यावर चाक घसरतं. नारळ बाजूला फोडा."

"मामासाहेब, देवाचं पाणी आहे, त्यानं कोण घसरतं?"

"तो आत्ता घसरला तो."

भाऊसाहेबांनी पुष्कळ विचार केला. पुढच्या रेसला नारळ आमच्या लेनमध्ये फोडला नाही. इंदूरहून आलेल्या पाहुण्यांच्या लेनमध्ये फोडला! मी ओरडलो तर म्हणाले, "अहो, पाहुण्याला मान द्यायला नको का?"

शेवटी मीच घरून एक चांगला पाट्यासारखा दगड नेला, लाइनपासून लांब ठेवला आणि सांगितलं, नारळ ह्याच्यावरच फुटेल. हा दगड लक्षात असू द्या.

* * *

खातेगावचा एक शेतकऱ्याचा पोरगा आला होता. मी सांगून ठेवलं होतं, पूर्ण संरक्षणाशिवाय लाइनवर यायचं नाही. गडी क्रिकेटचे पॅड बांधून आला. कोपराला गार्ड, मांडीला गार्ड, पोटाखाली जे घालतात तेही. पाय फाकवत चालत होता. गाडीवर बसायला दोघांनी धरावं लागलं.

"ये क्या है भाई?"

"मामा, जो जो बचाना था, सब बचा लिया!"

"आणि हेल्मेट?"

त्यानं अभिमानानं आरशाकडे बोट दाखवलं. हेल्मेट आरशावर टांगलं होतं. आरसा अगदी सुरक्षित होता.

* * *

आता सोयाबीनवाला.

ड्रॅगच्या गाडीला एक दोरी असते. एक टोक इंजिन बंद करणाऱ्या स्विचला, दुसरं रायडरच्या मनगटाला. रायडर पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. इतकी सोपी गोष्ट आहे, की आमच्या लोकांनी ती सुधारलीच पाहिजे. दोरी मनगटाला टोचते अशी सगळ्यांची तक्रार. आणि मनगटावर पूजेचा लाल नाडा तर आधीच बांधलेला! मग काय, दोरी नाड्याला अडकवली. संरक्षणाला संरक्षण जोडलं, डबल झालं.

बदनावरचा गोलू असाच सुटला. शेवटची रेषा थोड्याच अंतरावर असताना गाडी डगमगली आणि गोलू मागच्या मागे खाली आला. जॅकेट जाड होतं म्हणून नुसता खरचटला. दोरी ओढली गेली, पण तुटला तो नाडा. ॲक्सिलरेटर अडकलेला, इंजिन चालूच. गाडीनं मालकाकडे वळूनही पाहिलं नाही. एकटीच सरळ धावत रेषेपार गेली, पट्टी सोडून शेजारच्या सोयाबीनमध्ये घुसली आणि तिथे बराच वेळ गुरगुरत पडली.

आम्ही सगळे गोलूकडे धावलो. तो उठून बसला, धूळ झटकली आणि पहिला प्रश्न त्यानं मला विचारला, "भिया, पहले कौन आया?"

"तुझी गाडी आली. तू अजून यायचा आहेस."

"तो गाड़ी तो मेरी ही है ना!"

यावर कमिटीत खरोखर चर्चा झाली. भाऊसाहेब गोलूच्या बाजूनं होते. त्यांचं म्हणणं, घोडदळात घोडा परत आला तरी पराक्रम स्वाराचाच धरतात.

मी नाड्यावर बंदी घातली. 'मामा धर्माच्या आड येतो' अशी बातमी पार नर्मदाकाठच्या नेमावरपर्यंत पोचली.

* * *

वेग घेणं कुणालाही जमतं, थांबणं कठीण. म्हणून शेवटच्या रेषेनंतर गाड्या थांबायला लांबलचक मोकळी जागा ठेवतात. मोकळी म्हणजे मोकळी. आमच्याकडे त्या जागेच्या टोकाला पोहे-जिलबीची गाडी लागली.

मी पोहेवाल्याला म्हटलं, "इथे का रे बाबा?"

तो म्हणाला, "सब गाड़ियाँ यहीं आके रुकती हैं, साब. ग्राहक भी यहीं मिलेगा ना!"

धंद्याच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड होता. मी त्याला उठवलं, भाऊसाहेबांनी परत बसवलं, कारण कमिटीचे पोहे तिथूनच यायचे.

पुढच्याच रेसला मंदार जिंकून आला तो थेट पोह्यांच्या रोखानं. चार-पाच माणसं प्लेटी धरून उभी होती. त्यानं लोकांना वाचवायला पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी उलथली, मंदार खांद्यावर आपटला आणि त्याचं हेल्मेट डांबरावर असं आदळलं, की तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी कसा धावलो मला माहीत नाही. मंदारनं डोळे उघडले आणि म्हणाला, "मामा, टेन्शन नका घेऊ यार, जिंकलो ना?"

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. डोकं शाबूत होतं. मी तिथेच डांबरावर बसून रडलो, आणि त्याची मला काही लाज वाटत नाही.

पण किस्सा इथे संपत नाही. ॲम्ब्युलन्स होती. रफीकभिया तिचा ड्रायव्हर, भला माणूस. तो सकाळपासून सांगत होता की हिचा हँडब्रेक लागत नाही, ही उभी राहत नाही. त्या वेळी मात्र ती हलवता येईना! मांडवाच्या खुर्च्या आणि दोन मोठे स्पीकर तिच्यात कोंबून ठेवले होते, स्ट्रेचर त्यांच्याखाली. ते उतरवेपर्यंत कोण थांबतो? दोन मित्रांनी मंदारला मोटरसायकलवर मध्ये बसवलं आणि हॉस्पिटल गाठलं. ट्रिपल सीट, राँग साइडनं, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही!

मी मागाहून पोचलो आणि त्या पोरांना धरलं. "अरे, निदान हेल्मेट तरी?"

"मामा, रस्त्यावर कशाला? रस्त्यावर काय रेस होती का?"

* * *

हाड जुळलं. हेल्मेटचं काय? एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं, वरून कितीही धड दिसलं तरी. हे तर वरूनही धड नव्हतं, कानापासून डोक्यापर्यंत चीर गेलेली. मी मंदारला नवीन आणून दिलं. पोरगा त्यात रेस करायला तयार नाही.

"मामा, जुनं लकी आहे. त्यातच सगळ्या जिंकलोय."

"त्यातच पडलास."

"हो, पण वाचलो ना! म्हणजे लकीच की."

या तर्कापुढे मी हात टेकले. मग एक दिवस जुनं हेल्मेट झळझळीत होऊन आलं. काळा रंग, त्यावर केशरी ज्वाळा, वर लॅकर. चीर गायब. देवासच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून करून आणलं होतं. मी बोटानं वाजवून पाहिलं. एका बाजूला टण्ण वाजलं, दुसऱ्या बाजूला भद्द.

"यात काय भरलंय?"

"पुट्टी. मामा, वो बोला के नयेसे ज्यादा मजबूत हो गया."

कारचा दरवाजा चेपला की भरतात, ती पुट्टी! पेंटिंगवाल्यानं बिचाऱ्यानं काम मन लावून केलं होतं. दरवाजा असता तर मीही शाबासकी दिली असती.

मी स्टिकर दिलं नाही.

* * *

तो दिवस फायनलचा होता. मंदार विरुद्ध इंदूरचा एक पोरगा. धारमधून, देवासमधून माणसं आलेली, माइकवर आरडाओरडा, दोन्ही गाड्या गरम करून लाइनवर. आणि मी स्टिकरचा रोल खिशात घालून उभा.

"मामासाहेब, एकच रन आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"डोकंही एकच आहे."

"मामा, प्लीज यार," मंदार म्हणाला. "सगळे बघतायत."

मागून कुणीतरी ओरडलं, "मामा डर गए!" घाबरलो होतोच, खोटं कशाला बोलू? नवीन हेल्मेट हातात धरून मी त्याच्या पुढे नाचवत होतो आणि तो मान फिरवत होता, लहानपणी औषधाला फिरवायचा तसा. शेवटी भाऊसाहेबांनी माझ्या खिशातून रोल काढला, स्वतःच्या हातानं त्या ज्वाळांवर हिरवं स्टिकर चिकटवलं आणि म्हणाले, "अध्यक्षांचा विशेषाधिकार."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि अक्का आली. शेजाऱ्यांच्या गाडीतून, हातात गुळाच्या पोळ्यांचा डबा. पट्टीवर ती आजवर कधी आली नव्हती. मंदारचा चेहरा उतरला.

भाऊसाहेबांना मात्र उत्साह आला. "या, या ताई! अगदी वेळेवर आलात. आज नारळ तुमच्या हातून. मातोश्रींचा मान!" त्यांनी तिच्या हातात नारळ दिला. "अरे, दगड आणा रे तो!"

दगड जागेवर नव्हता. शोधाशोध झाली. रफीकभिया लांबून ओरडला, "भाऊसाब, पत्थर तो मेरे पहिये के नीचे है! निकाला तो एंबुलेंस चली जाएगी!"

भाऊसाहेब म्हणाले, "मग लाइनवरच फोडा, ताई."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "दत्तू, तुझं तोंड का असं?"

"अक्का, हे हेल्मेट फुटकं आहे. वरून पुट्टी भरून रंगवलंय. मी पास केलेलं नाही."

"उगाच भितात हो मामासाहेब!" भाऊसाहेब हसले. त्यांनी मंदारच्या हातातलं हेल्मेट घेऊन टपली मारून दाखवली. "पक्कं आहे, ताई. दगड म्हणा ना, दगड!"

"दगड?" अक्का म्हणाली. "बघू."

तिनं हेल्मेट घेतलं, फिरवून ज्वाळा पाहिल्या. मग ते खाली डांबरावर ठेवलं, पदर खोचला, गुडघे टेकून बसली, आणि दोन्ही हातांनी नारळ उचलून वरून हाणला.

इंदूरच्या पोरानं आपली गाडी बंद केली. हेल्मेटची दोन शकलं दोन्ही लेनमध्ये पडली होती, मध्ये पांढरी पुट्टी.

अक्का उठली. नारळ कानाशी नेऊन हलवून पाहिला, पदरानं पुसला आणि भाऊसाहेबांच्या हातात ठेवला.

"हा शाबूत आहे," ती म्हणाली. "हाच बांधा त्याच्या डोक्याला."