आजींनी वाटून दिलेल्या गोळ्या

मंडळी, आज मलकापूरला आमच्या लॅबमध्ये वरवट बकालचे एक आजी-आजोबा आले होते. आजींची लघवीची जळजळ परत सुरू झालेली, त्या तपासणीचा रिपोर्ट न्यायला.

“मागच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?” मी विचारलं.

“नाही वं माय. दोन दिसात बरं वाटलं, मंग उरलेल्या यायले देल्या,” आजींनी आजोबांकडे बोट दाखवलं. “यायले खोकला होता नं!”

रागवायचं होतं, पण जमलं नाही. झाकण न उघडता मी त्यांना तपासणीची बशी दाखवली. आजींच्या लघवीतले जंतू त्यात वाढवून वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतो आम्ही. औषध चाललं की टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. आजींनी अर्धवट सोडलेल्या औषधाच्या टिकलीला मात्र जंतू अगदी खेटून वाढले होते.

आजी निरखून म्हणाल्या, “म्हंजे इथं आंगण झाडलं, अन् इथं झाडलंच नाही.”

इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

निघताना आजोबा हळूच आजींना म्हणाले, “जलमभर तुह्या वाट्याचं मलेच देत आली. आता डॉक्टर नव्या गोया देतीन, त्या तरी एकटीनं खाय.”

तुमच्या घरातल्या डब्यात कोणासाठी गोळ्या राखून ठेवल्यात?