आधी थंड पाणी

आमच्या लूमच्या सुताला जिथे खळ लावून मिळते, तिथल्या मास्तरांचं नाव मला बारा वर्षांत कळलेलं नाही. तिथल्या मालकाने आणून दिलेल्या थर्मामीटरवर त्यांचा टॉवेल वाळत असतो. खळ शिजली का, हे ते चिमटीत धरून पाहतात. अंगठा आणि बोट हळूच फाकवायचं, मध्ये तार आली की वाफ बंद. चहासुद्धा ते असाच तपासून पितात.

"खळीची पावडर गरम पान्यात टाकली का गाठी व्हतात," ते प्रत्येकाला ऐकवतात. "वरून चिकट, आत कोरडी. मंग कुनाच्या बापाला फुटत न्हाय. आधी थंड पानी, थोडी थोडी सोडायची, ढवळत ऱ्हायचं. वाफ मंग."

परवा ऐन ऑर्डरीच्या घाईत, त्यांनी खळ लावून बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळून दिलेलं माझं सूत लूमवर पटापट तुटायला लागलं. मी नारपोलीच्या माझ्या कारखान्यातून तणतणत त्यांच्याकडे गेलो, शिव्या तयारच होत्या.

"शेठ, बसा," म्हणत मास्तरांनी थंड पाणी दिलं. मग दुसरा ग्लास. पोरीचं लग्न कुठवर आलं, ते विचारलं. मग म्हणाले, "खळ जरा पातळ पडली." मी मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाले, "बीम दोन खराब हायेत." पंख्याचा वारा माझ्याकडे वळवून म्हणाले, "तिसरा पन."

"होतं हो कधीकधी," मीच त्यांची समजूत घातली.

निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. गेटपाशी मी वळून पाहिलं, तर मास्तर आपल्या त्याच हाताचा अंगठा आणि बोट हळूच फाकवून मध्ये तार आली का बघत होते.