बाटलीत काय होतं, ते आधी सांग

डॉ. इस्लापूरकर मॅडमची आणि माझी पहिली भेट चपलेवरून झाली. जळकोटहून नांदेडला पीएच.डी.साठी आले, तेव्हा माझ्या पायात नवी कोरी चप्पल होती. मॅडमनी प्रयोगशाळेच्या दारातच अडवलं. "देवळात आलीस का? ॲसिड पायावर पडलं तर नवस बोलून भागत न्हाई." मी तोंड पाडून वळले, तर त्यांनी कपाटातले स्वतःचे बूट काढून दिले. एक नंबर मोठे होते. मी दोन वर्षं तेच घातले.

आज मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या संशोधनावर या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिलंच आहे. मला एका दुपारबद्दल सांगायचं आहे. ती सांगायला आजवर धीर झाला नव्हता.

मिथेनॉल दिसायला पाण्यासारखं, पण विषारी; त्याचा कॅन जड असायचा. तो रोज कोण उचलणार, म्हणून आम्ही सगळेच थोडं मिथेनॉल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवायचो. लेबल कशाला, आपल्यालाच तर वापरायचंय! त्या दिवशीची बाटली माझी होती. आमचे परिचर, भोकरचे ग्यानोबामामा, उन्हातून आले आणि त्यांनी ती तोंडाला लावली.

"ताई, हे पाणी लई उग्र लागून राहिलं," मामा म्हणाले.

बाटली कुठली ते मी ओळखलं. तरी मी म्हणाले, "डिस्टिल्ड वॉटर आहे मामा, काही होत नाही." पीएच.डी. जाईल या भीतीनं मी खोटं बोलले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. मामांच्या हातातली बाटली आणि माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं असावं. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुला कोणी काढणार न्हाई, माझा शब्द हाय. पण बाटलीत काय होतं, ते आधी सांग. मिथेनॉल असंल आणि उशीर झाला तर मामाचे डोळे जातील."

मी सांगितलं. लगेच मॅडमनी मामांना स्वतःच्या गाडीत घातलं. मागं मी, मांडीवर ती बाटली. नेमकं काय पोटात गेलंय हे कळल्यानं डॉक्टरांनी वेळ न घालवता उपचार सुरू केले. तिसऱ्या दिवशी मामांनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तारखेसकट वाचून दाखवलं. मी जिन्यात जाऊन पोटभर रडले. सुटले, असंच वाटलं.

आता माझी खरडपट्टी, असं धरूनच मी त्याच्या दुसऱ्या दिवशी बैठकीला गेले. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी हाय. एवढा जड कॅन दिला, पण लहान बाटल्या दिल्या न्हाईत." माझं नावही त्यांनी घेतलं नाही. त्यानंतर पाण्याचा माठ व्हरांड्यात गेला आणि रिकामी पाण्याची बाटली दिसली की मॅडम स्वतः कात्रीनं कापायच्या.

आता लातूरला माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. मी मुळातच तापट. कुणी चुकलं की माझा पारा चढतो, पण पहिला प्रश्न मॅडमचाच विचारते.

मॅडम, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि शंभरीतही तुम्ही अशाच दारात उभ्या राहून आमच्या चपला अडवा. तुमच्या सत्काराचा हार ग्यानोबामामांनी स्वतः ओवलाय. मी सुईत दोरा घालून द्यायला पुढे झाले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, मला दिसतंय."