निम्म्यांचा कुत्रा

माझा मामा चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. लिफ्टमध्ये 'आठ माणसं' अशी पाटी असली की तो चार धरायचा. दोर कोरा करकरीत असला तरी मामा आकडा निम्मा करणारच. माझ्या लग्नात त्याने भरलेल्या लिफ्टमधून चौघांना खाली उतरवलं, त्यात नवरदेव होता. कामावरचे लोक त्याला 'निम्मे' म्हणायचे आणि तो निमूट ओ द्यायचा.

मामा अडुसष्टचा असताना मामी गेली आणि तो टीव्हीशी बोलायला लागला. बातम्या देणाऱ्या बाईला 'जेवलीस का?' म्हणून विचारताना मी त्याला स्वतःच्या कानांनी ऐकलं. म्हटलं, झालं, आता कुत्रा आणायलाच हवा. आणि आणायचा तर छोटा, कारण शेवटी सगळं माझ्याच गळ्यात पडणार हे मला ठाऊक होतं.

कुत्रेवाल्याकडे दोन पिल्लं होती. एक पॉमेरेनियन, माझ्या पर्समध्ये मावेल असं. दुसरा ग्रेट डेन, तीन महिन्यांचाच, पण पंजे बशीएवढे.

"हे छोटं किती वर्षं जगेल?" मामाने विचारलं.

"पंधरा. आरामात."

"आणि हा?"

कुत्रेवाल्याचा चेहरा पडला. "मोठी जात लवकर जाते हो, काका. आठ, फार तर नऊ."

"मग हाच द्या."

बाहेर पायरीवर मी त्याला धरलं. "डोकं फिरलंय का तुझं? लोक टिकाऊ बघून घेतात, तू उलटं!"

"माझे वडील ऐंशीला गेले," मामा म्हणाला. "म्हणजे माझी अजून बारा वर्षं धर. छोटं पंधरा जगलं तर वरची तीन वर्षं ते काय करेल?"

त्याच्या शेजारचा शिंपी वारला तेव्हा त्याचं कुत्रं दोन वर्षं बंद दाराला नाक लावून बसलं होतं. मामा रोज कामाला जाताना त्याला ओलांडून जायचा.

"माझी वाट बघत कोणी बसलेलं मला चालायचं नाही. मी आधी याला पोचवेन, मग जाईन."

रागातही मला एक गोष्ट खटकली. "बारा? अरे, तुझे निम्मे नाही का करायचे?"

मामा पायाशी बसलेल्या पिल्लाचा कान उलटा करून बघत राहिला. "केले असते. पण मग सहा येतात. सहात कुठलंच कुत्रं बसत नाही."

मी पिल्लासाठी पट्टा मागायला परत आत गेले.

पिल्लाचं नाव त्याने बुटक्या ठेवलं. वर्षभरात बुटक्या वासराएवढा झाला. मामाच्या इमारतीत लिफ्ट सहा माणसांची. मामा एक, बुटक्याचे दोन, झाले तीन. चौथं कोणी आलं की मामा त्याला जिना दाखवायचा. मी त्याची सख्खी भाची, पण दर रविवारी त्यांच्याबरोबर फिरून परतताना पाच मजले पायीच चढले. टीव्ही मात्र बंद असायचा. जेवलास का, हे आता बुटक्याला विचारलं जायचं.

बुटक्याला आणून सहा वर्षं झाली आणि मामा झोपेतच गेला. बरोबर निम्मे.

बुटक्या माझ्या गळ्यात पडला. दोन महिने तो आमच्या दाराला नाक लावून पडून होता. मला मामाचा इतका राग आला होता की त्याच्या फोटोकडे बघवत नव्हतं. मग एका संध्याकाळी मी कामावरून आले, किल्ली लावली, तर आतून दारावर शेपूट आपटल्याचा आवाज आला. मी तिथेच उंबऱ्यात बसून रडले.

आता बुटक्या साडेआठचा आहे आणि त्याचे पाय धरतात. आमची लिफ्ट चार माणसांची, निम्मी दोन, म्हणजे तो एकटाच. मी त्याला आत उभं करते, बटण दाबते आणि जिन्याने तीन मजले पळत सुटते. लिफ्टचं दार उघडायच्या आत वर पोचावंच लागतं. नाहीतर तो वाट बघत बसतो.